मुलांना जत्रेत खाऊ द्यावे काय?

शिवरात्र आली म्हणजे थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आमच्याकडे म्हणतात. हिंगोलीकडच्या माणसाला या बोलण्याचा प्रत्यय फार लवकर येतो. माघ सरतो न सरतो तोच दुपारचे ऊन डोक्यावर येऊन बसते, रस्त्याच्या कडेला रसवंतीचे घुंगरू वाजू लागतात आणि औंढ्याच्या नागनाथाची जत्रा भरते. उन्हाळ्याचा आरंभ आणि जत्रा यांची सांगड इतकी जुनी आहे की, मुलांचा उन्हाळा पंचांगातून सुरू न होता जत्रेतल्या पहिल्या गरम जिलेबीपासून सुरू होतो. निदान तसा तो व्हावा, असे मला वाटते. कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतील मुलांना ती जिलेबी दुरूनच पाहावी लागते. आणि आमचे घरही आजवर अशाच घरांपैकी एक होते.

२०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीस होती. पुढच्या शनिवारी, म्हणजे १ मार्चला, घरातील चार मुलांना घेऊन औंढ्यास जाण्याचे मी ठरविले. आमचे कुटुंब एकत्र आहे. थोरल्या बंधूंची दोन नातवंडे आणि माझी दोन. त्यांत सर्वांत मोठा बारा वर्षांचा, तर सर्वांत धाकटी सहा वर्षांची. आदल्या रात्री पाने वाढली असता मी हळूच विषय काढला की, या वेळी मुलांना तेथे थोडेबहुत विकत घेऊन खाऊ घालावे. झाले! पंगतीत एकदम शांतता पसरली.

“भाऊजी, कोणाच्या हातचे, कोठल्या पाण्याचे, काही ठाऊक तरी असते का?” वहिनी म्हणाल्या. “मी पहाटे उठून दशम्या करून देते. शेंगदाण्याची चटणी आहे, गूळ आहे. आणखी काय हवे पोरांना?”

वहिनींचे वय पंचाहत्तर. अद्याप त्यांचे सोवळेओवळे चालते. त्यांच्या म्हणण्याचे मला नवल वाटले नाही. परंतु आमची सूनबाई शिकलेली, सोवळ्याला हसणारी. तीही तत्काळ म्हणाली, “बाबा, मागच्या उन्हाळ्यात काय झाले ते विसरलात का?”

विसरलो नव्हतो. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका मेळ्यात धाकटीने बर्फाचा गोळा खाल्ला, आणि त्या रात्री तिला वांत्या व जुलाब सुरू झाले. दोन दिवस पोर चोळामोळा होऊन पडली होती. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजण्याचा उपाय सूनबाईने त्याच घटकेस सुरू केला, म्हणून पुढचे टळले. हा उपाय दिसावयास साधा आहे. पण १९७१ साली बांगला देशातील निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या हजारो रोग्यांवर क्षारशर्करेचे असे पाणी पाजून तो सिद्ध करून दाखविला, तेव्हापासून त्याने जगभर किती मुलांचे प्राण वाचविले याची गणती नाही. प्रत्येक घरात हे प्रमाण भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. तथापि उपाय ठाऊक आहे म्हणून अपाय ओढवून घ्यावा, असे कोणी म्हणणार नाही. आणि सूनबाईचा मुद्दा तोच होता.

मला मौज वाटली ती या दोघींच्या एकमताची. एकीला भीती विटाळाची, दुसरीला जंतूंची. एकीचे प्रमाण स्मृती, दुसरीचे सूक्ष्मदर्शक यंत्र. एरवी या दोघींचे कोणत्याही व्रतवैकल्यावर जुळत नाही. पण मुलांच्या जत्रेतील खाण्यावर दोघींचा निकाल एकच : बाहेरचे खावयाचे नाही. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी विचार करू लागलो की, या दोन भीतींपैकी कोणती खरी, कोणती खोटी, आणि खऱ्या भीतीलाही खरोखर काही इलाज नाही काय?

प्रथम सूनबाईची बाजू पाहू, कारण ती अधिक बलवत्तर आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी जत्रा आणि पटकी हे शब्द जोडीने येत. यात्रेस गेलेला माणूस सुखरूप परत आला म्हणजे घरोघर मावंदे घालीत, त्यामागे हेही एक कारण असावे. एकाच नदीवर हजारोंनी स्नान करावे, तेथेच भांडी घासावी आणि तेथूनच पिण्याचे पाणी भरावे, असा तो काळ. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवतीच पटकीचे रोगी दाटले आहेत हे दाखवून दिले; आणि १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना पटकीचे जंतू कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात सापडले. ही साथ देवीच्या कोपाने येत नाही, हवेनेही येत नाही. ती पाण्याच्या घोटातून येते, हे त्यानंतर निर्विवाद ठरले. तेव्हा जत्रेत जपून खा-प्या असे सांगणारी वडील माणसे भ्याड नव्हती. त्यांनी घरेच्या घरे ओस पडलेली पाहिली होती.

आता वहिनींची बाजू. मला थोडेफार संस्कृत येते आणि धर्मशास्त्राची पुस्तकेही मी चाळली आहेत, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करितो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धीचा विचार आहे. तेथे कारागिराचा हात आणि विक्रीसाठी बाजारात मांडलेला जिन्नस हे सदैव शुद्ध समजावे, असा स्पष्ट अभिप्राय आढळतो. टीकाकारांनी शिजविलेल्या अन्नाला यातून वगळले, ही गोष्ट वेगळी. परंतु बाजार म्हटला की विटाळ, असा सरसकट निकाल मूळ ग्रंथात नाही, एवढे तरी यावरून दिसते.

शिवाय आमच्या घरोघरच्या रूढीतही एक शहाणपणाचा अंश होता. भात, वरण, भाकरी खरकटी. पण लाह्या, फुटाणे, मुरमुरे, पेढे ही खरकटी नव्हेत. ती प्रवासात चालत, शेजाऱ्याकडून आलेली चालत, उपाध्यायांनाही चालत. विचार करून पाहिले तर यात शास्त्र आहे. जंतूंना वाढण्यास ओलावा लागतो. कोरडे भाजलेले पदार्थ लवकर बिघडत नाहीत. पाण्यात शिजविलेले आणि मग निवलेले पदार्थ लवकर बिघडतात. अनुकूल ऊब मिळाली तर काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे एकाचे सहा तासांत अडीच लाखांवर जातात. आजीबाईंना हे गणित ठाऊक नव्हते, पण भात आंबतो आणि फुटाणे आंबत नाहीत हे त्या नित्य पाहत होत्या.

परंतु या नियमाच्या पोटात दुसराही एक नियम दडलेला होता, आणि तो लपवून ठेवणे बरे नव्हे. पदार्थ ओला की कोरडा, एवढाच प्रश्न नसे; तो कोणाच्या हातचा, हाही असे. किंबहुना पुष्कळदा तोच मुख्य असे. हात धुतलेला आहे की नाही हे न पाहता तो कोणत्या जातीचा आहे हे पाहावयाचे, आणि त्यालाच शुचित्व म्हणावयाचे! जंतूंना जात कळत नाही. ते सोवळ्याच्या पितांबरालाही भीत नाहीत.

याचे दुःखद प्रत्यंतर आपल्या मराठवाड्याला अलीकडेच आले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातील महाप्रसाद घेतल्यावर सुमारे दोन हजार लोकांना विषबाधा झाली. प्रसाद होता भगर आणि आमटी. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहाच्या प्रसादाने तसेच झाले. रोगी इतके की, झाडांना दोर बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. भगर म्हणजे उपवासाचा, पवित्र मानलेला जिन्नस. प्रसाद म्हणजे भक्तीने केलेले अन्न. त्यात कोणाचा लोभ नव्हता, कोणाचा विटाळ नव्हता. पण भगरीला दमट जागेत बुरशी येते आणि तिच्यातून विषारी द्रव्य निर्माण होते. म्हणून सुटे, जुने पीठ घेऊ नये, भगर निवडून-धुऊन घ्यावी, लागेल तेवढीच शिजवावी, असे अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या दिवसांत पुनःपुन्हा बजावीत असते. देवापुढे ठेवलेले अन्नदेखील पाणी, विस्तव आणि वेळ यांच्या नियमातून सुटत नाही, एवढा बोध यातून घ्यावा.

असो. सकाळी मी दोघींना सांगितले की, दशम्या नेतो आणि मुलांची परीक्षाही घेतो. चार प्रश्नांची उत्तरे बरोबर आली तरच खाणे मिळेल. सूनबाई हसली. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण डब्यात दशम्या दुप्पट भरल्या.

एस. टी. त मी मुलांना ते चार प्रश्न पाठ करविले. पाणी कोठले? विस्तव पेटता आहे का? पदार्थ केव्हाचा आहे? हात कसे आहेत? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अन्नाच्या सुरक्षिततेच्या पाच किल्ल्या म्हणून जे सांगितले, त्याचेच हे बालबोध रूप आहे. स्वच्छता राखा, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवा, नीट शिजवा, योग्य उष्णतेवर ठेवा, पाणी व सामग्री शुद्ध वापरा, अशा त्या पाच किल्ल्या. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश उष्णतेच्या मध्ये फार वेळ राहू नये, असे ती संघटना सांगते. आमच्याकडील उन्हाळ्याची हवा नेमकी याच मध्यावर असते. म्हणून घरात दोन तास चालेल ते जत्रेतील उन्हात तासभरही चालेल, असे धरून चालू नये.

औंढ्याचे देऊळ यादवकालीन हेमाडपंती घडणीचे आहे. वरचा भाग मागाहून बांधलेला असून तो अहल्याबाई होळकरांच्या नावाने सांगितला जातो. लिंग खाली तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी एकेकाने उतरून दर्शन घ्यावयाचे, म्हणून रांग लांब. दर्शन होऊन बाहेर आलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते, आणि मुलांची दृष्टी देवळापेक्षा दुकानांकडे अधिक लागली होती. मी म्हणालो, “चला, परीक्षा सुरू.”

पहिली रसवंती. धाकटीने विचारले, “पाणी कोठले?” मोठा म्हणाला, “रसात पाणी घालीतच नाहीत.” मी म्हणालो, “पेले कशात विसळतात ते पाहा.” ते एकाच बादलीत विसळले जात होते. तेव्हा आम्ही घरून नेलेले पेले पुढे केले, ऊस समोर धुऊन चरकात घालण्यास सांगितले, लिंबू-आले टाकावयास लावले आणि बर्फ नको म्हटले. रसवाला रागावला नाही. उलट, “अशी गिऱ्हाइके थोडी भेटतात, गुरुजी,” असे म्हणून त्याने एक पेला वरचढ दिला.

मग गोळ्याची गाडी. धाकटी स्वतःच दोन पावले मागे सरली. येथे एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. मासळी, औषधे वगैरे थंड ठेवण्यासाठी जो बर्फ करितात त्याला पिण्याच्या पाण्याची अट नसते. तो खाण्याच्या बर्फात मिसळू नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली त्यात निळा रंग घालण्याचा नियम केला. निळसर लादी दिसली तर तो खाण्याचा बर्फ नव्हे, हे ओळखावे. आणि पांढरी दिसली तरी पाणी कोठले हा प्रश्न उरतोच.

पुढे म्हातारीचे केस, डोळे दिपतील असे गुलाबी. या मिठाईत ऱ्होडामाइन-बी नावाचा कपड्यांच्या कामाचा रंग सापडल्यावरून तमिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. त्याचप्रमाणे मेटॅनिल यलो हा निषिद्ध पिवळा रंग मिठाईत आणि हळदीत घालण्याची खोड काही लोकांना असते. आपला जिल्हा तर हळदीचा; वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खऱ्या हळदीचा पिवळेपणा कसा असतो, हे आपल्या मुलांना निराळे शिकवावे लागत नाही. “जो रंग आपल्या परसात कोठेच दिसत नाही, तो पोटात कशाला?” असे मी म्हणालो, आणि पोरांना ते पटले.

पाणीपुरी चारही प्रश्नांत नापास झाली. कापून ठेवलेल्या कलिंगडाच्या फोडी ‘केव्हाच्या?’ या प्रश्नाला थांबल्या. तेव्हा आम्ही अख्खे कलिंगड घेतले आणि झाडाखाली बसून स्वतःच कापले. फुटाणे समोर वाळूत भाजले जात होते, ते पूर्ण गुणांनी उत्तीर्ण. कढईतून निघून पाकात पडणारी जिलेबीही उत्तीर्ण. मात्र ती छापील रद्दीत न घेता आम्ही डब्याच्या झाकणात घेतली. छपाईच्या शाईतील द्रव्ये गरम तेलकट पदार्थात उतरतात म्हणून वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास २०१८ च्या वेष्टननियमांनी मनाई केली आहे. पण तो नियम जत्रेपर्यंत चालत येण्यास अजून वेळ आहे असे दिसते.

एक गोष्ट मात्र मी मुलांना प्रत्येक वेळी बजावली. प्रश्न मनाशी विचारावयाचे. नाक मुरडून, मोठ्याने, विकणाऱ्याचा अपमान होईल असे विचारावयाचे नाहीत. ‘मावशी, गरम काढून द्याल का?’ एवढे म्हटले की काम होते. तो माणूस पहाटेपासून उन्हात उभा असतो. बादलीतले पाणी त्याने कळून सवरून घाण ठेवलेले नसते. त्याच्याजवळ नळ नसतो, हे खरे कारण. फिरत्या विक्रेत्यानेही नोंदणी करावी असे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा सांगतो. परंतु नोंदणीच्या कागदातून पाणी येत नाही. सिंगापुरात रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना नुसते हाकलून न लावता गेल्या शतकाच्या सत्तरीपासून नळ, मोरी आणि छप्पर असलेल्या बाजारगृहांत बसविण्यात आले. पुढे २०२० साली त्यांच्या त्या परंपरेला युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडेही अहमदाबादच्या कांकरिया तलावाला २०१८ मध्ये आणि इंदूरच्या छप्पन दुकानांना २०१९ मध्ये स्वच्छ खाद्यकेंद्र म्हणून प्रमाणपत्र मिळाले. शहरांत जे झाले ते जत्रेत का होऊ नये? दर दहा दुकानांमागे शुद्ध पाण्याचा एक नळ द्यावा, यासाठी सुशिक्षितांनी अर्ज करावेत. दुरून नाक धरणे सोपे असते, पण त्याने कोणाची बादली स्वच्छ होत नाही.

दुपारी झाडाखाली दशम्या खाताना मी मुलांना नामदेवांची गोष्ट सांगितली. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी. ते औंढ्यास कीर्तन करू लागले असता तेथल्या पुजाऱ्यांनी त्यांना समोरून उठवून देवळाच्या मागे घालविले; तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. कुत्र्याने पोळ्या पळविल्या असता तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेवही हेच. धाकटीने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “आजोबा, देऊळ फिरले, मग ते पुजारीपण फिरले का?”

मला उत्तर देता आले नाही. कारण मला त्या क्षणी दुसरीच एक गोष्ट आठवली. ती आजवर मी घरात कोणास सांगितली नव्हती.

सुमारे सदतीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेवर होतो. वर्गाची मुले घेऊन याच जत्रेस पायी आलो होतो. निघताना ताकीद दिली होती की, कोणीही बाहेरचे काही खाणार नाही. त्या वर्गातील एका मुलाची आई याच रस्त्यावर भज्यांची कढई मांडून बसे. तो धावत तिच्याकडे गेला आणि परत येऊन एक पुडा माझ्या हातात ठेवला. “गुरुजी, आईने दिलाय. पैसे नको म्हणाली.” पुडा इतका गरम होता की, हातात धरवेना. मी “मग खातो” असे म्हणून तो पिशवीत ठेवला. परतीच्या वाटेवर मुले पुढे गेली असे पाहून मी तो एका गाईपुढे टाकला. मान वर केली तो तो मुलगा मागे उभा. चपलेचा अंगठा तुटला म्हणून तो मागे राहिला होता.

तो एक शब्दही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळेत आला, नेहमीप्रमाणे फळा पुसला. पण त्यापूर्वी तो मला कधी बोरे, कधी हरभऱ्याचा डहाळा आणून देत असे. तो त्यानंतर त्याने कधी आणला नाही.

त्या वेळी मी मनाची समजूत घातली होती की, हे सर्व आरोग्यासाठी. पण जी भजी उकळत्या तेलातून निघून माझ्या हाताला चटका देत होती, त्यांत कसले अनारोग्य? माझे चार प्रश्न तेव्हा कोणी विचारले असते तर तो पुडा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला असता. मी पाचवाच एक प्रश्न मनात विचारला होता, आणि त्याचे उत्तर म्हणून तो गाईपुढे गेला. त्याच आठवड्यात वर्गात मी सर्व माणसे सारखी आहेत हा धडा शिकविला होता. आणि तो मुलगा पहिल्या बाकावर बसत असे.

मी मुलांना हे सर्व सांगितले. मोठ्याने विचारले, “तुम्ही त्याची क्षमा मागितलीत का?” मी म्हणालो, “नाही. मागावयास हवी होती.” नंतर कोणी काही बोलले नाही.

आम्ही उठलो आणि रस्त्याने परत निघालो. भज्यांच्या कढया चार-पाच होत्या. जिच्यात घाणा नुकताच पडत होता, तेल काळे झालेले नव्हते आणि पीठ कालविणारीचे हात धुतलेले दिसत होते, तिच्यासमोर आम्ही थांबलो. ती बाई कोण, कोठली, हे मी विचारले नाही. “बाई, गरम काढून द्या,” एवढेच म्हटले. झाकणात भजी आली. मुलांनी खाल्ली, आणि मीही, साठी उलटल्यावर, औंढ्याच्या रस्त्यावर उभा राहून ती खाल्ली. मिरची फार तिखट होती. धाकटी हसून म्हणाली, “आजोबा, तुमच्या डोळ्यांत पाणी आले.” मी मिरचीवर घातले.

घरी परतलो तो दिवे लागले होते. सूनबाईने धाकटीच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. पुढच्या दोन-तीन दिवसांतही कोणाला काही झाले नाही. वहिनींसाठी मी फुटाण्यांचा पुडा आणला होता. तो त्यांच्यापुढे ठेवून म्हणालो, “समोर भाजून घेतले आहेत.” त्यांनी पुडा उघडला, थोडा वेळ पाहिला आणि देवापुढे न ठेवता, पाणीही न शिंपडता, चार दाणे तोंडात टाकले. “फुटाण्याला खरकटे नसते,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “भाजणारा कोण होता?” मी म्हणालो, “विचारले नाही.” त्यांनी आणखी चार दाणे घेतले.

वाचकांनीही आपल्या मुलांना या उन्हाळ्यात एखाद्या जत्रेस अवश्य न्यावे. बरोबर उकळलेले पाणी, साबण, आपले पेले आणि झाकणाचा डबा असावा. लहान मुलांना बर्फ, चटण्या आणि कापलेली फळे देऊ नयेत. समोर भाजलेले, समोर तळलेले खुशाल द्यावे. पाणी, विस्तव, वेळ आणि हात, हे चारच प्रश्न त्यांना शिकवावे. पाचवा प्रश्न आपण शिकविला नाही, तर तो त्यांना आपोआप सुचणार नाही, असा माझा शाळेतील इतक्या वर्षांचा अनुभव आहे.